गाडी घासली, आता विमा मागावा का?

आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका गुरुवारी आम्ही पुतण्याच्या मोटारीतून बाजाराला गेलो होतो. पुतण्या मोटार चालवीत होता. आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. मागे वहिनी आणि भाजीच्या पिशव्या.

परत निघताना पुतण्याने मोटार बोळातून डांबरी सडकेवर काढली. उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तो त्याने पाहिला. डावीकडे मात्र पाहिले नाही. तिकडून एक दूधवाले बाबा मोटारसायकलीवरून येत होते. ठाण् असा आवाज झाला. मोटारसायकल आडवी झाली. दुधाचे कॅन सडकेवर घरंगळले आणि दूध गटारीकडे वाहू लागले.

माणसे धावली. बाबा आपले आपण उठून बसले. त्यांचे वय साठीच्या पुढचे असेल. धोतर झटकीत ते म्हणाले, "फार नाही लागलं. गुडघ्याला खरचटलंय. दूध सांडलं, त्याचं काय ते बघा."

पुतण्या आधी मोटारीकडे गेला. पुढचा बंपर फुटला होता. चाकावरचा डावा पत्रा चेपला होता. तो पाहून त्याचा चेहरा पडला. मग तो आमच्या कानाशी लागला.

"काका, बाबांना हजार रुपये देतो आणि निघू. त्यांचं नाव कुठं घ्यायचं नाही. गाडी वाड्याच्या फाटकाला घासली म्हणून सांगतो, आणि पत्र्याचं काम विम्यातून करून घेतो. एवढे हप्ते भरलेत, ते कशाला?"

मंडळी, पुतण्या शिकलेला आहे. मनाने वाईट नाही. तरी त्याचा हा हिशेब दोन्हीकडून उलटा होता. जिथे कळवायचे तिथे तो लपवू पाहत होता. आणि जिथे थांबून विचार करायचा तिथे मागायला निघाला होता. अशी चूक पुष्कळ जण करतात. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगत आहोत. आज तुमच्या घरी मोटार नसेल. पण मुलाकडे असेल, जावयाकडे असेल. नाही तर एखाद्या दिवशी तुम्हीच त्या बाबांच्या जागी असाल.

एका कागदात दोन विमे

मोटारीच्या विम्याच्या कागदाला पॉलिसी म्हणतात. पुष्कळांना वाटते, पॉलिसी म्हणजे एकच विमा. तसे नाही. त्या एका कागदात बहुधा दोन विमे असतात.

पहिला विमा आपल्या मोटारीचा. आपली मोटार धडकली, जळाली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तर कंपनी भरपाई देते. हा विमा घेणे न घेणे आपल्या खुशीवर आहे.

दुसरा विमा दुसऱ्याचा. आपल्या मोटारीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली, तो मेला, किंवा त्याच्या मालाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई कंपनी देते. याला 'थर्ड पार्टी' असे म्हणतात. हा विमा खुशीवर नाही. तो सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यातही ही सक्ती होती. आज १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्याच्या १४६ व्या कलमात ही सक्ती लिहिली आहे. असा विमा नसताना मोटार चालविली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड आहे, पुढच्या वेळी चार हजार. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

सरकारने ही सक्ती का केली? कारण उघड आहे. ज्याचा पाय मोडला, त्याने भरपाई कोणाकडे मागावी? मोटारवाल्याच्या घरी पैसा असेलच असे नाही. विमा असला म्हणजे जखमी माणसाचे पैसे बुडत नाहीत आणि मोटारवाल्याचे शेतही विकले जात नाही. माणसाच्या इजेपोटी कंपनीने किती द्यावे याला वरची मर्यादा ठेवलेली नाही. दुसऱ्याच्या मालाच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते. ती पॉलिसीवर लिहिलेली असते.

या दोन विम्यांचे हप्ते कागदावर वेगवेगळे लिहितात. दुसऱ्यासाठीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून जो दर लागू झाला, त्यात एक हजार ते पंधराशे सी.सी.च्या खाजगी मोटारीला वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये ठरला. आपल्या मोटारीच्या विम्याचा हप्ता कंपनी ठरविते. तो मोटारीची किंमत, वय आणि बनावट पाहून कमी-जास्त होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला दुसऱ्यासाठीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या मोटारीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. लोक म्हणतात, "आमचा विमा तीन वर्षांचा आहे," आणि निर्धास्त राहतात. इकडे आपल्या मोटारीचा विमा पहिल्याच वर्षी संपलेला असतो. तेव्हा कागदावर दोन्हींच्या तारखा वाचाव्यात.

आधी माणूस, मग पत्रा

आम्ही पुतण्याला म्हणालो, "अरे, पत्रा कुठे पळून जात नाही. आधी बाबांना दवाखान्यात ने."

बाबाही कां कूं करू लागले. "गुरुजी, दवाखाना, ठाणं कशाला? डेअरीची वेळ टळतेय."

आम्ही ऐकले नाही. त्यांना मोटारीत बसविले आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी फोटो काढला. गुडघ्याखालच्या हाडाला चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर सांगितले. बाबा दुधाचा रतीब घालणारे. सहा आठवडे पाय वर करून बसले, तर घर चालायचे कसे? हजार रुपयांत काय काय मिटणार होते, याचा तुम्हीच विचार करा.

अशा वेळी कायदा काय सांगतो? १९८८ च्या कायद्याचे १३४ वे कलम सांगते:

१. जखमीला उपचार मिळतील अशी तजवीज करावी. आपल्या राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा फोन आहे. पोलिसांसाठी ११२ आहे.

२. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन खबर द्यावी. होईल तितक्या लवकर द्यावी, आणि काही झाले तरी चोवीस तासांच्या आत द्यावी.

३. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

पॉलिसीतही याला धरून एक अट असते. कंपनीच्या लेखी संमतीवाचून आपण कोणाला भरपाईचे वचन देऊ नये, पैसे देऊन तडजोड करू नये. पुतण्या हजाराच्या नोटा काढून मोकळा झाला असता, आणि चार दिवसांनी बाबांचा पाय सुजला असता. मग प्रकरण कोर्टात गेले असते. कंपनीने विचारले असते, "तुम्ही आम्हाला कळविले का नाही? तडजोड कोणाला विचारून केलीत?" त्याला उत्तर नव्हते.

याचा अर्थ जखमी माणसाला पाणी देऊ नये, धीर देऊ नये, असा नाही. माणुसकीला कुठलीही पॉलिसी आड येत नाही. दवाखान्यात न्यावे. तेथील खर्चाला हात द्यावा. त्याची पावती ठेवावी. फक्त 'इतक्या रकमेत सगळे मिटले' असा सौदा रस्त्यावर करू नये.

पुतण्या त्या दिवशी आमच्यावर चिडला होता. "काका, तुम्हीच माझ्या मागे ठाण्याची ब्याद लावलीत," असे तो वहिनींच्या देखत म्हणाला. दोन महिने आमच्या ओट्यावर आला नाही. आम्हीही काही बोललो नाही.

पत्र्याचा हिशेब: हाती काय येते?

पत्र्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुतण्याने मोटार गॅरेजमध्ये दाखविली. गॅरेजवाल्याने कच्चा हिशेब करून दिला. तो असा:

बंपर, प्लॅस्टिकचा: ३,६०० रुपये
चाकावरचा पत्रा: २,४०० रुपये
रंगकाम: २,००० रुपये
मजुरी: १,४०० रुपये
एकूण: ९,४०० रुपये

पुतण्याला वाटले, विमा मागितला की कंपनी नऊ हजार चारशे रुपये देईल. तसे होत नाही. कंपनी म्हणते, तुझा बंपर जुना होता, त्या जागी मी नवा कसा देऊ? म्हणून जुनेपणाची घट कापतात. साध्या पॉलिसीत ती घट अशी आहे:

प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर आणि बॅटरी यांची निम्मी किंमत कापतात.

काचेला घट नाही.

लोखंडी पत्र्याची घट मोटारीच्या वयावर असते. सहा महिन्यांपर्यंत काही नाही. एक वर्षापर्यंत शेकडा ५. दोन वर्षांपर्यंत शेकडा १०. तीनपर्यंत १५. चारपर्यंत २५. पाचपर्यंत ३५. दहापर्यंत ४०. त्यापुढे शेकडा ५०.

रंगाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात, आणि त्यातला निम्मा कापतात.

मजुरीला घट नाही.

पुतण्याच्या मोटारीला तीन वर्षे पुरी होऊन चौथे चालू होते. म्हणजे पत्र्याला शेकडा २५ घट. आम्ही पाटीवर हिशेब मांडला:

बंपरचे ३,६०० पैकी मिळणार १,८००
पत्र्याचे २,४०० पैकी मिळणार १,८००
रंगाचे २,००० पैकी मिळणार १,७५०
मजुरीचे १,४०० सगळे मिळणार
बेरीज: ६,७५० रुपये

एवढ्यावर भागत नाही. दर वेळी विमा मागताना पहिली काही रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते. पंधराशे सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीला ती एक हजार रुपये आहे. त्याहून मोठ्या मोटारीला दोन हजार. मोटारसायकलीला शंभर. कोणी कमी हप्त्याच्या लोभाने जास्त रक्कम सोसायचे कबूल केले असेल, तर तीही कापली जाते.

म्हणून ६,७५० तून १,००० गेले. राहिले ५,७५० रुपये. हे कंपनीकडून येणार. बाकीचे ३,६५० पुतण्याने खिशातून घालायचेच होते.

काही पॉलिसीत जादा हप्ता भरला म्हणजे ही जुनेपणाची घट कापत नाहीत. तिला 'झिरो डेप' म्हणतात. तशी पॉलिसी असेल तर हाती जास्त येईल. पण वर्षात किती वेळा तशी भरपाई मागता येते, हे त्याच कागदात पाहावे. सोसायची पहिली रक्कम त्यातही बहुधा सुटत नाही.

आणि हातचे काय जाते?

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू.

ज्याने वर्षभर आपल्या मोटारीची भरपाई मागितली नाही, त्याला पुढच्या हप्त्यात सूट मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. ती अशी वाढते:

एक वर्ष मागितले नाही: शेकडा २०
लागोपाठ दोन वर्षे: शेकडा २५
तीन वर्षे: शेकडा ३५
चार वर्षे: शेकडा ४५
पाच वर्षे: शेकडा ५०

पन्नासाच्या वर ती जात नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तशी ही सूट साचते. पण एकदा भरपाई घेतली की पुढच्या वर्षी सूट शून्य. तळ्याचा बांध एकाच दिवशी फुटतो. पाचशे रुपये घेतले काय आणि पन्नास हजार घेतले काय, सूट सारखीच जाते. चूक दुसऱ्याची असली तरी जाते. आपल्या पॉलिसीतून आपल्या मोटारीचे पैसे घेतले, एवढेच ती पाहते.

पुतण्याला तीन वर्षांची सूट, म्हणजे शेकडा ३५, मिळत होती. त्याच्या मोटारीच्या विम्याचा सूट सोडून हप्ता आठ हजार रुपये होता. समजा, तो पुढेही तेवढाच राहिला. मग भरपाई घेतली तर त्याचे दर वर्षी किती जास्त जातील?

पुढच्या वर्षी: ४५ मिळायची, तिथे शून्य. जादा जाणार ३,६०० रुपये.
दुसऱ्या वर्षी: ५० मिळायची, तिथे २०. जादा २,४०० रुपये.
तिसऱ्या वर्षी: ५० च्या जागी २५. जादा २,००० रुपये.
चौथ्या वर्षी: ५० च्या जागी ३५. जादा १,२०० रुपये.
पाचव्या वर्षी: ५० च्या जागी ४५. जादा ४०० रुपये.
बेरीज: ९,६०० रुपये. शिवाय त्यावरचा कर.

हा हिशेब पाहून पुतण्या गप्प झाला. घ्यायचे ५,७५० आणि द्यायचे ९,६००! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गंमत अशी की पुढच्या एका वर्षाचेच पाहिले असते तर ३,६०० गेले आणि ५,७५० आले, म्हणजे फायदाच दिसला असता. पुष्कळ जण इथेच फसतात. सूट एकदा पडली की ती पुन्हा वर चढायला पाच वर्षे लागतात. म्हणून पाचही वर्षांची बेरीज करावी.

मोटार वर्षागणिक जुनी होते, तसा हप्ता बहुधा थोडा उतरतो. त्यामुळे खरा तोटा ९,६०० हून काहीसा कमी येईल. तरी पारडे फिरत नाही.

मग मागावा केव्हा?

विमा मागूच नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मोठे नुकसान झाले तर बेशक मागावा. त्यासाठीच तो आहे. समजा, मोटार झाडावर आदळली आणि सगळी काटछाट होऊन चाळीस हजार रुपये मिळणार आहेत. तिथे साडेनऊ हजारांच्या सुटीसाठी चाळीस हजार सोडणारा शहाणा म्हणता येणार नाही.

ज्याची सूट अजून साचलेली नाही, त्याचा हिशेबही वेगळा. नव्या मोटारीच्या पहिल्याच वर्षी भरपाई घेतली, तर आमच्याच आठ हजारांच्या दाखल्यात पाच वर्षांचा तोटा चार हजार रुपये होतो. त्याच वर्षी एकदा भरपाई घेऊन झाली असेल, तर सूट आधीच गेलेली आहे. दुसऱ्या वेळी ती आणखी जाणार नाही. पण पुन्हा पुन्हा मागणाऱ्याचा मूळ हप्ता कंपनी वाढवू शकते.

मोटार लवकरच विकायची आहे, मग सूट गेली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण ही सूट मोटारीची नसते, मालकाची असते. जुनी मोटार विकून नवी घेतली तर कंपनीकडून दाखला घेऊन ती नव्या मोटारीला लावता येते. नवीचा हप्ता मोठा, म्हणून सुटीचे मोलही मोठे.

मात्र ठरविण्याआधी मोटार दुरुस्त करू नये. आधी चारी बाजूंनी फोटो काढावेत. गॅरेजचा कच्चा हिशेब लेखी घ्यावा. मग पाटीवर दोन पारडी मांडावीत. मागायचे ठरले तर कंपनीला ताबडतोब कळवावे आणि तिच्या माणसाने पाहिल्यावरच काम सुरू करावे. विचार एका-दोन दिवसांत उरकावा. महिनाभर घोळत बसू नये. उशीर झाला तर कंपनी बोट ठेवते.

दोन मोटारी नुसत्या घासल्या, कोणाला काही लागले नाही, तर पुष्कळदा दोघेही आपापला खर्च आपण करतात. तसे ठरले तर तारीख घालून दोघांनी कागदावर लिहावे आणि सह्या कराव्यात. रस्त्यात अर्धा तास भांडून पत्रा सरळ होत नाही.

खोटे सांगू नये

पुतण्या 'फाटकाला घासली' असे सांगणार होता. मंडळी, असे कधी करू नये. अपघाताची खोटी हकिकत दिली तर कंपनी सगळी मागणी फेटाळू शकते. भरपाई घेतलेली लपवून दुसऱ्या कंपनीकडे सूट मागितली, तरी ते उघडे पडते. एक कंपनी दुसरीला विचारते. मग ऐन गरजेच्या वेळी पैसे अडतात.

खाजगी मोटार वडापला लावली, चालविणाऱ्याकडे परवाना नव्हता, किंवा तो दारू प्यालेला होता, तरी आपल्या मोटारीची भरपाई मिळत नाही. या अटी पॉलिसीत छापलेल्या असतात. अक्षर बारीक असते. चष्मा लावावा, पण वाचावे.

एक चूक आमची स्वतःचीही सांगतो. एकदा पावसाळाभर आमची जुनी मोटार गोठ्याशेजारी उभी होती. विमा संपला. उभ्या मोटारीला विमा कशाला, असे म्हणून आम्ही चार महिने काढले. मग विमा उतरवायला गेलो, तर सगळी सूट गेलेली. मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत नवा विमा घेतला तरच सूट टिकते. तीस वर्षे आम्ही पोरांना 'वेळेवर या' म्हणून ओरडलो, आणि स्वतःच उशिरा पोहोचलो!

खरी मागणी असून कंपनीने ती नाकारली, तर गप्प बसू नये. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे.

बाबांचे काय झाले?

पुतण्याने ठाण्यात खरी हकिकत सांगितली. कंपनीला पत्र लिहिले. त्यात बाबांना लागल्याची खबर दिली, आणि 'माझ्या मोटारीची भरपाई मी मागत नाही' असे स्पष्ट लिहिले. चूक त्याची होती. म्हणून त्याला कोर्टात उभे राहावे लागले आणि दंडही भरावा लागला. हे आम्ही लपवीत नाही.

बाबांच्या मुलाने जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज केला. अशा अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती त्याने चुकविली नाही. दवाखान्याची बिले, बुडालेला रतीब, वाकलेली मोटारसायकल, सगळे त्यात लिहिले. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली आणि रक्कम कंपनीने दिली. किती दिली, ती त्यांच्या घरची गोष्ट आहे.

या भरपाईने पुतण्याची सूट गेली का? नाही. ती सूट फक्त आपल्या मोटारीच्या विम्यावर असते. दुसऱ्यासाठीच्या विम्यातून जखमीला पैसे मिळाले म्हणून ती जात नाही. म्हणजे ज्या भीतीने तो बाबांचे नाव लपवू पाहत होता, ती भीतीच खोटी होती.

बंपर त्याने स्वतःच्या पैशाने बदलला. पत्रा ठोकून घेतला. रंग जरा वेगळा दिसतो. दिसो बापडा.

परवा गुरुवारी तो आमच्या ओट्यावर आला. म्हणाला, "काका, बाजारात बाबा भेटले. चहा पाजला त्यांनी. तुम्हाला विचारत होते." आम्ही म्हणालो, "चल, आत चल. काकू तुझ्यासाठी चहा टाकते."

मंडळी, आता तुम्ही वाचायला शिकला आहात. घरात मोटारीची, मोटारसायकलीची, ट्रॅक्टरची पॉलिसी असेल तर आज रात्री ती बाहेर काढा. सगळे कळले नाही तरी चालेल. एवढे शोधा:

१. दोन्ही विम्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते?
२. आपल्या वाहनाच्या विम्याचा हप्ता किती, आणि त्यात सूट शेकडा किती?
३. पहिली किती रक्कम आपण सोसायची आहे?
४. कंपनीचा फोन कोणता?

ही चार उत्तरे वहीत लिहून ठेवा. आणि एक गोष्ट मनात लिहून ठेवा. आपला पत्रा चेपला तर हिशेब करावा. दुसऱ्या माणसाला लागले तर हिशेब करू नये. त्याला आधी उचलावे आणि खरे ते कळवावे.